आत्याचं आतडं आणि घरातले दोन सर्जन

तिरुविसनल्लूर हे गाव वसवलंच वादासाठी. तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे होते (१६८४ ते १७१२), त्यांनी १६९३ मध्ये कावेरीकाठचं हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून देऊन टाकलं. गावाला शहाजीराजपुरम असं नाव पडलं आणि व्याकरण, न्याय, वेदान्त यांचा खल इथल्या ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालला. आता कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या या गावात दुपारी ओट्यांवर माणसं झोपलेली दिसतात. माझ्या सासुरवाडीचा ओटा मात्र परवाच्या आश्विनात आठवडाभर जागा होता. वादाचा विषय होता आत्याबाईंचं मोठं आतडं.

आत्या म्हणजे माझ्या बायकोची आत्या. वय ६६, मधुमेह जुना, अंगानं भरलेल्या, आणि पंचवीसेक वर्षांपूर्वी गर्भाशयाची पिशवी पोट उघडून काढलेली. शौचातून रक्त जायचं ते त्यांनी मूळव्याध म्हणून घरच्या घरी निभावून नेलं. आपल्याकडे हे फार होतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर भारतात युरोप-अमेरिकेच्या मानानं कमी, म्हणून रक्त दिसलं की पहिला संशय मूळव्याधीवर जातो, आणि दुसरा संशय यायला महिने जातात. शेवटी कोलोनोस्कोपी झाली. गुदद्वारापासून १५ सेंटिमीटरवर गाठ. बायॉप्सीत कॅन्सर. सीटीत यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. म्हणजे शस्त्रक्रिया करायची हे ठरलंच. कशी करायची, यावर घरात दोन तट पडले, आणि दोन्ही तट सर्जन होते.

एक माझे सासरे, अप्पा. सरकारी रुग्णालयांत सारी हयात घालवलेले जनरल सर्जन. दुसरी त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको. मुंबईत शिकलेली, चेन्नईत दुर्बिणीतून पोटाच्या शस्त्रक्रिया करणारी. आत्याला दोघंही हात लावणार नव्हते. घरच्या माणसावर सुरी चालवायची नाही, एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं. तिसरा मी, जावई. अशा वेळी जावयानं ऐकावं, कॉफी संपवावी आणि विचारल्याशिवाय बोलू नये. मी तेच केलं, म्हणून हे लिहिता येतंय.

अप्पांनी सुरुवात केली. “पोटात कॅन्सर आहे, पित्ताशयातला खडा नाही.”

“खड्याच्या वेळीही तुमची पिढी नाहीच म्हणत होती, अप्पा. उदवाडिया सरांनी १९९० मध्ये जे. जे. हॉस्पिटलात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा किती लोक हसले असतील? आज पोट फाडून पित्ताशय काढतो म्हणून कुणी सांगितलं तर पेशंट उठून दुसरीकडे जातो.”

“त्याच साली मायामीत जेकब्ज नावाच्या सर्जननं दुर्बिणीतून मोठं आतडं काढलं. तेही सांग. आणि मग काय झालं तेही सांग, जावईबापूंना ठाऊक नसेल.”

ती गप्प बसली, तेव्हा अप्पांनीच सांगितलं. १९९४ मध्ये नेदरलँड्समधून ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटी हकीकत छापून आली. दुर्बिणीतून आतड्याचा कॅन्सर काढलेल्या चौदा रुग्णांपैकी तिघांच्या पोटाच्या भिंतीत कॅन्सर पुन्हा उगवला. ज्या भोकांतून नळ्या घातल्या, गाठ ओढून काढली, तिथेच बी पडलं असावं, असा संशय. जगभरचे सर्जन हादरले. अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेनंच सांगितलं, की चाचणीबाहेर कॅन्सरसाठी ही शस्त्रक्रिया करू नका. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००० मध्येही पोट उघडूनच करा असा सल्ला दिला होता.

“आणि २००६ मध्ये त्याच ‘नाइस’नं सल्ला बदलला,” ती म्हणाली. “का बदलला? मधल्या काळात लोकांनी मोजून पाहिलं म्हणून. अमेरिकेत ८७२ पेशंट. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले, एकाचं पोट उघडलं, दुसऱ्याचं दुर्बिणीतून. २००४ मध्ये निकाल आला. तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीवाल्यांत शंभरात १६ जणांना, उघडलेल्यांत १८ जणांना. जिवंत राहिले ते ८६ आणि ८५. जखमेत कॅन्सर उगवण्याचं प्रमाण दोन्हींकडे शंभरात एकाहून कमी. तुमची चौदातली तीन माणसं म्हणजे नवशिक्यांच्या हातचं काम होतं. आता गाठ नुसती ओढून काढत नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी किंवा कडं लावून, पोटाच्या भिंतीला न शिवता काढतात.”

इथे मी तोंड उघडलं. गाठ काढतात कुठून? भोकं तर बोटाच्या पेराएवढी.

दोघांनी माझ्याकडे सारख्याच कीव आलेल्या नजरेनं पाहिलं. दुर्बिणीतून करा नाहीतर कशीही करा, आतड्याचा तुकडा बाहेर काढायला पोटाला छेद द्यावाच लागतो. फक्त तो लहान असतो. त्या अमेरिकन चाचणीत मधला आकडा होता ६ सेंटिमीटर विरुद्ध १८ सेंटिमीटर. ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ अशा जाहिराती पुण्यात रिक्षांच्या पाठीवर वाचून मला वाटायचं की आत काहीतरी वेगळंच, सौम्य घडत असेल. तसं नाही. आत घडतं ते तेच. आतड्याला रक्त पुरवणारी धमनी मुळाशी बांधायची, तिच्याबरोबर पंख्यासारखा पसरलेला चरबीचा पडदा लसिकाग्रंथींसह उचलायचा, गाठीच्या दोन्ही बाजूंना निरोगी आतडं सोडून तुकडा कापायचा आणि टोकं स्टेपलरनं जोडायची. त्या पडद्यातून पॅथॉलॉजिस्टला किमान बारा ग्रंथी तपासायला मिळाल्या पाहिजेत, असा दंडक आहे. अमेरिकन चाचणीत दोन्ही गटांत मध्यक बाराच निघाला. फरक आहे तो दार किती उघडलं याचा. खोली तीच, सामान तेच.

“दाराचंच बोलू,” अप्पा म्हणाले. “एवढा खटाटोप करून पेशंट घरी किती लवकर गेला? सांग.”

“पाच दिवस. उघडलेला सहा.”

“एक दिवस!” अप्पांनी एक बोट वर केलं. “ऑपरेशनला वेळ किती?”

“दीडशे मिनिटं. उघडून पंच्याण्णव.”

“आणि त्या लोकांच्या सुखदुःखाचीही मोजणी केली होती ना? निकाल काय?”

“दोन आठवड्यांनी एकूण बरं वाटण्यात थोडा फरक. बाकी फारसा नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “पण ती वीस वर्षांपूर्वीची चाचणी. तेव्हा नुकतंच शिकत होते लोक.”

माझ्या बायकोचा हा गुण मला आवडतो आणि भांडणात गैरसोयीचा ठरतो. तिला आकडा ठाऊक असेल तर तो स्वतःच्या विरुद्ध गेला तरी ती सांगते. अप्पांनी त्या दिवशी जिंकल्यासारखी दुसरी कॉफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब चुकता केला. विषय निघाला तो शस्त्रक्रियेनंतरच्या उपाशी राहण्याचा. अप्पांच्या काळात आतड्याचा पेशंट म्हणजे नाकात नळी, वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि अंथरुणातून उठायचं नाव नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात यातली एकेक प्रथा तपासली आणि बऱ्याचशा मोडीत काढल्या. नळी शक्यतो नको, अफूजन्य वेदनाशामकं कमी, दुसऱ्याच दिवशी पेज, त्याच संध्याकाळी खुर्चीत. नेदरलँड्समध्ये चारशे रुग्णांवर पाहणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दुर्बीण आणि ही नवी शुश्रूषा एकत्र, तर रुग्णालयात पाच दिवस. दुर्बीण आणि जुनी शुश्रूषा, सहा. पोट उघडून, मग शुश्रूषा कोणतीही असो, सात.

“म्हणजे शुश्रूषेचंही श्रेय भोकांच्या नावावर खपवता तुम्ही,” अप्पा.

“आणि तुम्ही तीस वर्षं पेशंटला उगाच उपाशी ठेवलंत.”

अप्पांनी यावर काही म्हटलं नाही. ते उठून आत गेले आणि परत आले ते आत्याचे रिपोर्ट घेऊन. त्यांनी त्या कागदावरच्या एका आकड्यावर नख ठेवलं: १५.

माझ्या मते या साऱ्या वादाचा गाभा हा आकडा होता, आणि पेशंटच्या नातेवाइकांना तो बहुधा कुणी समजावून सांगत नाही. गुदद्वारापासून साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत गुदाशय, त्याच्या वर सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग. बायकोनं सांगितलेले सगळे चांगले निकाल वरच्या आतड्याचे होते. गुदाशयाची गोष्ट निराळी. तो कटीच्या हाडांच्या अरुंद खोबणीत बसलेला, पुढे मूत्राशय आणि गर्भाशय किंवा प्रोस्टेट, दोन्ही बाजूंना लघवी आणि संभोगाच्या नसा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं, की गुदाशय त्याच्या चरबीच्या आवरणासकट, आवरण न फाटता अखंड काढला तर कॅन्सर तिथे परत येण्याचं प्रमाण कमालीचं घटतं. आवरण फाटलं तर सर्जन चुकला. म्हणून प्रश्न असा, की त्या खोबणीत सरळ लांब हत्यारं घालून ते आवरण अखंड राहतं का?

“२०१५ मध्ये दोन चाचण्यांनी सांगितलं, खात्री देता येत नाही,” अप्पांनी वाचलेलं होतं. हे बायकोला अनपेक्षित होतं. “अमेरिकेत ४८६ पेशंट. शस्त्रक्रिया नीट झाली असं म्हणता यावं अशी उघडून शंभरात ८७ वेळा, दुर्बिणीतून ८२ वेळा. ऑस्ट्रेलियात ८९ आणि ८२.”

“त्याच साली युरोपातून हजारावर पेशंटची चाचणी आली. तीन वर्षांत गुदाशयाच्या जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत अगदी सारखं, शंभरात पाच. कोरियातूनही तसंच. आणि तुमच्या अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या पेशंटना पुढे दोन वर्षं पाहिलं, तेव्हा कॅन्सर परतण्यात ठळक फरक दिसला नाही.”

“दिसला नाही म्हणजे नाही असं नव्हे.”

“आहे असंही नव्हे, अप्पा.”

इथे दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही ते माहीत होतं. गुदाशयाच्या बाबतीत मी अप्पांच्या बाजूला झुकतो. ज्या गावात दुर्बिणीत हात मुरलेला सर्जन नाही तिथे खालच्या गुदाशयाचा कॅन्सर पोट उघडूनच काढावा, हा सल्ला आजही मागास म्हणता येणार नाही. रोबॉटचाही उल्लेख झाला. त्याच्या बाजूनं २०१७ मध्ये ४७१ जणांची चाचणी झाली होती. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण बारावरून आठावर आलं, पण हा फरक योगायोगापलीकडचा आहे असं सिद्ध झालं नाही. शिवाय रोबॉटचं बिल ऐकून आत्यांनी आतूनच “नको” म्हणून ओरडून सांगितलं.

पण १५ म्हणजे नक्की काय? कोलोनोस्कोपीच्या वाकणाऱ्या दुर्बिणीनं मोजलेलं अंतर फसवं असतं, कारण आतडं तिच्यावर चढतं, ताणलं जातं. बायकोनं आत्यांचा एमआरआय करून घ्यायला लावला. त्याच्या उभ्या छेदात आतडं पाठच्या त्रिकास्थीला चिकटून वर जातं, ते जिथे हाड सोडून पुढे झेपावतं ते ठिकाण दिसतं. सिग्मॉइडची सुरुवात तिथून मोजायची. आत्यांची गाठ त्या वळणाच्या वर निघाली. म्हणजे सिग्मॉइड. गुदाशयाच्या चाचण्यांचा हवाला अप्पांच्या हातून गेला. त्यांनी तो सोडलाही लगेच. सर्जनची एक जात असते, ती पुरावा समोर आला की हट्ट धरत नाही, फक्त पुढचा मुद्दा शोधते.

पुढचा मुद्दा हाताचा होता.

चेन्नईहून येताना बायकोनं एक खोकं आणलं होतं. ज्युनियर डॉक्टरांना शिकवायला ती ते वापरते. बुटांच्या खोक्याएवढा पुठ्ठा, वरून दोन भोकं, आत मोबाइलचा कॅमेरा, समोर टॅबवर चित्र. भोकांतून दोन लांब चिमटे घालायचे आणि मोती एका वाटीतून दुसरीत टाकायचे. अप्पांनी चष्मा पुसला, हत्यारं धरली आणि अडकले. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. मूठ खाली दाबली की टोक वर उठतं. भोक हा तरफेचा टेकू आणि पलीकडचं सगळं उलटं. टॅबवर खोली दिसत नाही, त्यामुळे चिमट्यानं मोत्याच्या मागेपुढे हवा चिमटली जात होती. ज्या हातांनी हजारो गाठी डोळे मिटून मारल्या ते हात मोत्यांशी झगडताना पाहून आत्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. तिसऱ्या मोत्यानंतर अप्पांनी हत्यारं खाली ठेवली.

“मला काय कळलं सांगू?” ते म्हणाले. “माझं वय झालं, ते सोड. मला कळलं की हे शिकताना कुणीतरी कुणाच्यातरी पोटात शिकतो.”

तिनं नाकारलं नाही. इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत, १९९६ ते २००२ मध्ये, भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जननं आधी वीस तरी शस्त्रक्रिया केलेल्या होत्या. तरी पहिल्या वर्षी शंभरातल्या ३८ जणांचं पोट मध्येच उघडावं लागलं. सहाव्या वर्षी ते प्रमाण १६ वर आलं. मध्येच उघडावं लागलेल्यांना गुंतागुंतही अधिक झाली. पुढे इंग्लंडनं सरकारी पैशानं सर्जनांना शिकवण्याची योजना काढली ती याच अनुभवातून. आपल्याकडे तशी सक्ती नाही. ज्याच्याकडे दुर्बिणीचं यंत्र आणि कॅमेरा आहे तो करू शकतो.

“आत्याचं पोट एकदा उघडलेलं आहे,” अप्पा पुढे म्हणाले. “आतडी वरच्या पडद्याला चिकटलेली असणार. पहिली नळी घालतानाच आतड्यात घुसेल.”

“डावीकडे बरगडीखाली छोटा छेद देऊन उघड्या डोळ्यांनी पहिली नळी घालतात. जुनी जखम नाभीखाली आहे. आणि अप्पा, जाड अंग, मधुमेह, अठरा सेंटिमीटरची जखम. ती पिकली तर? पुढे तिथून आतडं बाहेर येऊन हर्निया झाला तर? तुमच्या वॉर्डात तुम्हीच पाहिलेत ना असे पेशंट?”

“पाहिलेत,” अप्पा म्हणाले. “फार पाहिलेत.”

यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मला वाटतं, जाड मधुमेही बाईच्या पोटावरची पिकलेली लांब जखम ही अप्पांच्या आयुष्यातली जुनी पराभवाची गोष्ट असावी. त्यांनी ती सांगितली नाही, मी विचारली नाही.

दुर्बिणीचे तोटेही तिनं लपवले नाहीत. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पारा १२ ते १५ वर ठेवायचा, डोकं खाली, पाय वर. जाड, मधुमेही माणसाच्या हृदयावर आणि श्वासावर त्याचा भार येतो. भूलतज्ज्ञ तयारीचा हवा. हाताला गाठ लागत नाही. लहान गाठ असेल तर कोलोनोस्कोपीच्याच वेळी तिच्या शेजारी शाई टोचून खूण करावी लागते. (या शाईला डॉक्टर मंडळी अजून इंडिया इंक म्हणतात, आणि इंडियात ती टोचायला विसरतात. आत्यांच्या वेळी विसरलेच होते.) सुदैवानं गाठ मोठी होती आणि एमआरआयवर जागा पक्की झाली होती. जोडलेल्या आतड्याचा सांधा गळण्याचा धोका मात्र दोन्ही पद्धतींत सारखाच. तो पोट कसं उघडलं यावर नसतो, आतड्याला रक्त किती पोहोचतं आणि टोकं ताणाशिवाय जुळतात का यावर असतो.

इतके दिवस ज्यांच्या पोटावर चर्चा चालली होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आत्यांनीच ओट्यावर येऊन जाहीर केलं, “कार्तिकाच्या अमावास्येला मला विहिरीपाशी उभं राहायचंय.”

तिरुविसनल्लूरला न आलेल्या वाचकाला हे सांगायला हवं. शहाजीराजांच्या काळात इथे श्रीधर अय्यावाळ नावाचे सत्पुरुष राहत. श्राद्धाच्या दिवशी त्यांनी शिजलेलं अन्न एका भुकेल्या अस्पृश्याला घातलं, म्हणून ब्राह्मणांनी गंगास्नानाचं प्रायश्चित्त सांगितलं, आणि गंगा त्यांच्या अंगणातल्या विहिरीत उसळून आली, अशी कथा. त्या अमावास्येला आजही लोक पहाटेपासून रांगा लावून त्या विहिरीचं पाणी अंगावर घेतात. आत्या दर वर्षी रांगेतल्या बायकांना जागा दाखवायला उभ्या असतात.

“सहा आठवडे आहेत,” बायको लगेच म्हणाली. “दुर्बिणीतून केलं तर सहज उभ्या राहाल.”

“आणि उघडून केलं तर?”

“राहशील,” अप्पा म्हणाले, “पण बाकावर. बादली उचलायची नाही, गर्दीत शिरायचं नाही.”

“आणि मला आधी कळेल का, मध्येच उघडणार आहेत ते?”

याला उत्तर नव्हतं. हाच प्रश्न या सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि तो आत्यांनी विचारला. दुर्बीण की उघडं, असं पेशंट विचारतो आणि डॉक्टर उत्तर देतो, तेव्हा दोघंही गृहीत धरतात की निवड टेबलावर जाण्याआधी संपते. तसं नसतं. निवड करायची ती सर्जनची. पोट आधी दुर्बिणीतून पाहून, आतडी जास्तच चिकटली असली तर अर्ध्या तासात उघडणारा, आणि त्यात आपली नाचक्की न मानणारा सर्जन कोण आहे, एवढंच पेशंटनं शोधायचं.

मग अप्पांनी सरफोजीराजांना मध्ये आणलं. तंजावरचे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) वैद्यकाचे शौकीन. धन्वंतरी महाल त्यांनी उभारला, देशी आणि युरोपीय दोन्ही वैद्यक तिथे नांदलं, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह ठेवल्या. त्या आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. “दोनशे वर्षांपूर्वी राजा नोंद ठेवत होता,” अप्पा म्हणाले. “या पोरांना विचार, मागच्या वर्षी किती केल्या, किती वेळा मध्येच उघडलं, किती सांधे गळले. ज्याला हे पाठ नाही त्याच्याकडे जायचं नाही.”

“मी माझ्या नोंदी ठेवते,” बायको म्हणाली.

“तू ठेवतेस. तू ऑपरेशन करणार नाहीस. करणाऱ्याला विचार.”

तिनं तंजावरच्या एका सर्जनला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आत्यांनी तमिळमध्ये स्वतःच विचारलं. तो माणूस घुटमळला नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या आपण दर महिन्याला किती करतो ते त्यानं सांगितलं, दहा-बारात एखादं पोट उघडावं लागतं म्हणाला, आणि मागच्या वर्षी एक सांधा गळला होता, त्या पेशंटला काही महिने पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली, हेही न विचारता सांगितलं. आत्यांचं जुनं ऑपरेशन ऐकून त्यानं मुदत घातली. सुरुवात दुर्बिणीतून करीन, पण आतडी सोडवण्यात अर्ध्या तासावर गेलो तर उघडीन. संमतीपत्रावर दोन्ही लिहिलेलं असेल.

“याच्याकडे जा,” अप्पा म्हणाले.

आता बायको बिथरली. तिला चेन्नई हवी होती. रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग कसा आहे, भूलतज्ज्ञ कोण, पॅथॉलॉजीवाला ग्रंथी नीट मोजतो का, हे सगळं तिनं विचारायला घेतलं, आणि अप्पांनी तिला तिच्याच वीस-शस्त्रक्रियांच्या नियमाची आठवण करून दिली. तासभर चाललं. शेवटी असं ठरलं, की काढलेला तुकडा चेन्नईतल्या प्रयोगशाळेतही पाठवायचा, आणि चौथ्या दिवशी ताप किंवा पोटदुखी वाटली तर वाट न बघता सीटी करायचा.

अप्पांनी मग हळूच सुचवलं, की त्या सर्जनची हरकत नसेल तर आपण थिएटरमध्ये कोपऱ्यात उभे राहू. बायको म्हणाली, मग मीही.

“तुम्ही दोघं बाहेर बसा,” आत्या म्हणाल्या. “आत आलात तर तो माझ्या पोटाकडे बघेल की तुमच्या तोंडाकडे?”